कोकोच्या शेतात सावलीची झाडं जगत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते दापोलीला कृषी पदवी घेऊन घानाच्या वेस्टर्न नॉर्थ भागात, जुआबोसोजवळ, एका प्रकल्पावर रुजू झाले आहेत. गेल्या वर्षी छोट्या कोको शेतकऱ्यांना सावलीच्या झाडांची सहा हजार रोपं फुकट वाटली. प्रशिक्षणं झाली, हजेरीपटावर सह्या-अंगठे झाले. यंदा मोजायला गेले तर तिसरा हिस्साही जिवंत नाही. ते विचारतात, 'शेतकरी सगळ्याला मान डोलावतात आणि करत काहीच नाहीत. त्यांची मानसिकता कशी बदलावी?'

मी मूळचा गुहागरकडचा. माड-पोफळीच्या सावलीत वाढलेली मिरी आणि जायफळ बघतच मोठा झालो. पुढे घानाच्या सेफवी आणि आहाफो या भागांत मिळून अकरा पावसाळे कोकोत काढले. तुमचा हा आकडा वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. आमचा तर याहून वाईट होता. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

'मानसिकता' हा शब्द आधी वहीतून खोडून टाका. सावलीचा फायदा तिथल्या शेतकऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो. कोको हे मुळात मोठ्या जंगलाच्या पोटात वाढणारं झाड, आणि यांच्या आजोबांनी ते तसंच लावलं होतं. पुढे जास्त उत्पन्नाच्या संकरित जाती आल्या, तेव्हा कृषी विस्तार खात्याच्याच माणसांनी यांच्या वडिलांना 'वरची झाडं काढा, ऊन येऊ द्या' असं सांगितलं. आता आपण जाऊन 'झाडं लावा' म्हणतो. ते हसत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

मग करत का नाहीत? दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगतो. सेफवी विआवसोच्या पुढच्या एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर त्याच्या कोकोत फिरत होतो. त्याच्या हातात कटलास होता. आपल्या कोयत्याच्या जातीचाच, पण लांब, सरळ पात्याचा. तो मुलाच्या लग्नाचं सांगत होता. सांगता सांगता वाटेत आपोआप उगवलेलं ओडुमचं, म्हणजे तिथल्या एका इमारती लाकडाच्या झाडाचं, गुडघाभर रोप त्याने सपकन उडवलं, आपण पावसाळ्यात काठीने टाकळा झोडत जातो तसं. बोलणं एका शब्दाचंही तुटलं नाही. आदल्याच दिवशी आमच्या गाडीतून त्याला ओडुमचीच दहा रोपं दिली होती. मी थांबून विचारलं, हे का तोडलंत? तो म्हणाला, 'तुमची मरतील. हे जगलं असतं.'

ते जगणार होतं म्हणूनच त्याने तोडलं. हे समजायला मला आणखी सहा महिने लागले.

घानाच्या कायद्यानुसार आपोआप उगवलेलं इमारती लाकडाचं झाड शेतकऱ्याचं नसतं. जमीन त्याची असो, राखलं त्याने असो; झाड राष्ट्राध्यक्षांच्या नावे, तिथल्या पारंपरिक गाद्यांच्या, म्हणजे प्रमुखांच्या, वतीने विश्वस्त म्हणून. तोडायचा हक्क सरकार लाकूड कंपनीला देतं. कायद्यात शेतकऱ्याच्या संमतीची आणि नुकसानभरपाईची भाषा आहे, पण मी जे पाहिलं त्यात ती भाषा कागदावरच राहिली. चाळीस मीटरचा ओडुम पडतो तेव्हा सरळ रेषेत पडत नाही. फांद्यांच्या पसाऱ्यासकट पडतो, आणि मग ओंडका ओढून न्यायला वाट काढतात ती वेगळी. एका शेतात मी स्वतः मोजली, एका झाडापायी कोकोची ३१ झाडं गेली होती, सगळी ऐन फळावर आलेली. भरपाई म्हणून त्या बाईंना काय मिळालं ते लिहीत नाही, लाज वाटते. अशा ठिकाणी शहाणा शेतकरी काय करेल? झाड लाकडाच्या जाडीचं व्हायच्या आतच त्याचा निकाल लावेल. स्वतःच्या रानातला खैर तोडायला परवानगीचे हेलपाटे घातलेला कोकणातला माणूस हे एका वाक्यात समजेल.

लावलेल्या झाडाचं मात्र वेगळं आहे. शेतकऱ्याने स्वतः लावलेलं झाड कायद्याने त्याचं. पण ते लावलेलं आहे हे वीस वर्षांनी सिद्ध कोण करणार? तेव्हा रोप देतानाच नोंद करा. शेताचा जीपीएस बिंदू, झाडाची जात, लावल्याची तारीख, शेतकऱ्याचा झाडाशेजारी उभा असलेला फोटो आणि गावच्या नानांची, म्हणजे प्रमुखांची, साक्ष. एक प्रत फॉरेस्ट्री कमिशनच्या, म्हणजे तिथल्या वनखात्याच्या, जिल्हा कार्यालयात, एक शेतकऱ्याच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत. आम्ही हे सुरू केलं त्या वर्षी प्रशिक्षणं निम्म्यावर आणली होती, तरी रोपं जास्त जगली. इतर कारणंही असतील. पण लोक नोंदीचा कागद कोकोच्या पासबुकात ठेवायला लागले, तेव्हा आपण बरोबर जागी हात घातलाय हे कळलं.

आता दुसरं. तुमच्या हजेरीपटावर ज्यांच्या सह्या आहेत त्यातले जमिनीचे मालक किती? हा प्रश्न विचारायची कुणी तसदी घेत नाही. त्या भागात अबुसा आणि अबुनू या दोन पद्धती चालतात. अबुसात राखणदार वाटेकरी उत्पन्नाचा तिसरा हिस्सा घेतो. अबुनूत वाटेकरी कोको लावून वाढवतो आणि बाग उभी राहिली की निम्मी-निम्मी वाटणी होते. अबुसावाल्याला सावलीच्या झाडाची मेहनत आहे, लाकडात वाटा नाही. अबुनूवाल्याने मोठी झाडं लावली तर मालकाला वाटतं, हा जमिनीवर हक्क सांगायच्या तयारीत आहे. त्यात तिथला वारसा बऱ्याच ठिकाणी आईच्या वंशाने चालतो, म्हणजे नवरा गेल्यावर बाग भाच्याकडे जाईल ही धास्ती बायकोला असते. ती केळी मन लावून लावते आणि महोगनीकडे बघतही नाही. यात अडाणीपणा कुठे आहे?

म्हणून मालक आणि वाटेकरी दोघांना एकत्र बसवल्याशिवाय मी पुढे एकही रोप दिलं नाही. लाकडाची वाटणी आधीच ठरवायची आणि त्याच नोंदीच्या कागदावर लिहायची. पहिल्या बैठकीत भांडणं होतात. होऊ द्या, वीस वर्षांनी होण्यापेक्षा बरी.

तिसरं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात लाजिरवाणं. तुमची रोपं कोणत्या महिन्यात पोचली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी पैज लावतो, सप्टेंबरनंतर. मोठा पाऊस एप्रिल ते जुलै, छोटा सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि मग डिसेंबरपासून सहाराकडून हरमॅटन सुटतो. त्या कोरड्या वाऱ्यात ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात, तिथे दोन महिन्यांच्या रोपाची काय कथा. मी ज्या संस्थेत होतो तिथे खरेदीची फाइल तीन टेबलं फिरून येईपर्यंत ऑगस्ट उजाडायचा. रोपं ऑक्टोबरात उतरली आणि अहवालात 'वाटप १०० टक्के' असं लिहिलं गेलं. जानेवारीत काड्या उरल्या. दोष मात्र शेतकऱ्याच्या नावावर पडला. रोप मे-जूनमध्ये, जमीन नीट भिजल्यावर, लागलं पाहिजे. तसं जमणार नसेल तर त्या वर्षी वाटूच नका. वरचे लोक ओरडतील, ओरडू द्या.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. सावली किती, कोणती आणि कुठे, याचं एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिथे सर्वसाधारण शिफारस आहे ती हेक्टरी १५ ते १८ मोठी झाडं, पूर्ण वाढल्यावर ३० ते ४० टक्के सावली पडेल अशी. २४ मीटरवर एक झाड धरलं तर हेक्टरी साधारण १७ बसतात. कोको स्वतः तीन बाय तीन मीटरवर, म्हणजे हेक्टरी अकराशेच्या आसपास. घानातच झालेल्या मोजणीत सावली साधारण ३० टक्क्यांपर्यंत असेल तर उत्पन्न घटत नाही असं दिसलं आहे. माझाही अनुभव तोच. त्याच्या पुढे गेलात की हवा कोंडते आणि काळ्या फळाचा रोग, म्हणजे फायटोफ्थोरा, डोकं वर काढतो. आपल्याकडे पोफळीला कोळेरोगाने ग्रासणाऱ्या बुरशीचंच हे घराणं, तेव्हा दमट सावलीत ती काय करते हे वेगळं सांगायला नको. जुआबोसोकडे पाऊस चांगला आहे, म्हणून तुमच्याकडे झाडं थोडी विरळच बरी, आणि कोकोची छाटणी वेळेवर हवी. उलट शेत अगदी उघडं टाकलं तर अकाते, म्हणजे रस शोषणारे ढेकणाच्या जातीचे किडे, जिथे पानोऱ्याला भोक पडलंय तिथेच जमतात, आणि हरमॅटनमध्ये कोवळी फळं झाडावरच वाळून काळी पडतात.

सावली मोजायला माझ्याकडे एक यंत्र होतं. वर्षभरात बिघडलं, मग कधी दुरुस्त केलं नाही. दुपारी बाराला कोकोच्या दोन ओळींमध्ये उभं राहायचं आणि खाली पाल्यावर बघायचं. उन्हाचे कवडसे रुपयाएवढे, विखुरलेले आणि हलते असतील तर ठीक. पाला सगळा ओला, काळपट आणि कवडसाच नाही, तर फांद्या उतरवा. पाला पायाखाली पापडासारखा कुरकुरत असेल तर वर झाड हवं. शेतकऱ्याला हे एकदा दाखवलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

पण आहाफोच्या उत्तरेकडे, कोको पट्ट्याच्या कोरड्या कडेला, मला याच गोष्टीने तोंडघशी पाडलं. २०१५-१६ला एल निन्योचा दुष्काळ पडला. मी आधीची तीन वर्षं छातीठोकपणे सांगत आलो होतो की सावली असेल तर कोको दुष्काळात वाचतो. त्या मार्चमध्ये सावलीखालचा कोको आधी मेला, उघड्यावरचा त्यातल्या त्यात तगला. पुढे २०१८ मध्ये संशोधकांनी त्याच कोरड्या पट्ट्यातली मोजणी छापली, तीही तशीच निघाली. वरची झाडं आणि कोको एकाच थरातलं पाणी ओढत होती, आणि पाणी दोघांना पुरेल एवढं नव्हतंच. म्हणजे पाऊस जिथे बेताचा आहे तिथे सावली विमा ठरत नाही, खाणारं आणखी एक तोंड ठरते. एक शेतकरी मला तेव्हा काही बोलला नाही, फक्त त्याने मला त्या ओळीतून शेवटपर्यंत चालवत नेलं. अशा कडेच्या भागात झाडं कमी, आणि शक्यतो कोरड्या दिवसांत पान गाळणारी लावा, जसं ओफ्राम. काही गावांत तर हळूहळू कोकोतून काजूकडे जाणंच शहाणपणाचं ठरेल, हेही तोंडावर सांगायची तयारी ठेवा. पुढच्या काही दशकांत ही कोरडी कड दक्षिणेकडे सरकेल असे अंदाज आहेत.

जातींबद्दल जास्त लांबण लावत नाही. ओफ्राम, एमिरे, महोगनी ही उंच जाऊन वर छत्री धरणारी झाडं चांगली. कोकोच्या डोक्याला डोकं लावणारं झाड नको. ओन्यिना, म्हणजे आपली पांढरी सावरच, आणि कोलाच्या जातीची झाडं कोकोजवळ ठेवू नका. कोकोच्या फांद्या सुजवणारा जो विषाणू १९३६ पासून घानाला छळतोय, त्याला ती आसरा देतात. पिठ्या ढेकूण तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, औषध काही नाही, रोगट झाड आणि आजूबाजूची झाडं तोडणं एवढाच उपाय. तुमच्या भागात हा रोग भरपूर आहे. म्हणून कुठे कसली झाडं आहेत हे स्वतः चालून बघितल्याशिवाय 'जुनी झाडं सगळी राखा' असंही सांगू नका. आणि गिरिपुष्प तिथेही आहे. आपल्यासारखंच काडी खोचली की फुटतं. मधल्या वर्षांसाठी त्यासारखं स्वस्त काही नाही.

मधली वर्षं म्हटलं, त्यातच खरी गोम आहे. जुनी किंवा रोगट बाग काढून नवी लावायची तर पहिलं बरं फळ यायला तीन-चार वर्षं जातात. शेतकऱ्याकडे असते दोन-तीन हेक्टर जमीन, आणि ६४ किलोच्या पोत्यांवर वर्षाचा हिशेब: शाळेची फी, दवाखाना, मयताचा खर्च. घानात मयताचा खर्च लग्नापेक्षा मोठा असतो, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. तीन वर्षं पोतं नाही म्हटल्यावर सोन्याची अवैध खाण खोदणारा, ज्याला तिथे गलामसे म्हणतात, तो एकरकमी नोटा घेऊन दारात येतो. त्याच्यापुढे तुमच्या प्रशिक्षणाची पुस्तिका टिकत नाही.

म्हणून अख्खी बाग एकदम काढायला लावू नका. एका वेळी एक एकर. कोकोच्या आधी काही महिने भाजीची केळ तीन बाय तीनवर लावायची. तीच कोवळ्या कोकोची पहिली सावली, आणि वर्षभरात तिचे घड विकता येतात. खाली कोकोयाम, आपल्या अळूचा भाऊबंद; पानाची भाजी रोज आणि कंद वर्षाखेरीस. तिसऱ्या वर्षानंतर केळ विरळ करायची, तोवर गिरिपुष्प आणि ओफ्राम डोक्यावर आलेले असतात. केळीचा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात येतो, त्यामुळे ती या कामाची खरी राखणदार होते. माझ्या यादीत ज्या शेतांवर केळीची कामं बायकांशी बोलून ठरली, तिथली सावलीची रोपंही जगली, कारण केळीला जाताना वाटेत पाणी त्यांनीच घातलं.

कार्बनच्या पैशाबद्दल, म्हणजे झाडांनी हवेतला कार्बन साठवल्याच्या मोबदल्याबद्दल, तुमचे साहेब नक्की बोलत असतील. सांभाळून. २०२३ साली जागतिक बँकेने घानाच्या कोको-जंगल कार्यक्रमाला सुमारे ९ लाख ७२ हजार टन उत्सर्जन घटवल्याबद्दल ४८ लाख डॉलरवर रक्कम दिली. भागाकार केला तर टनाला ५ डॉलर. एका हेक्टरातल्या सावलीच्या झाडांनी वर्षाला दोन टन साठवले असं धरलं, तर १० डॉलर. त्यात कार्यालयं, मोजणी आणि सगळ्यांचे वाटे. गावाला विहीर किंवा शाळेचं छप्पर मिळालं तर उत्तम, पण एकट्या शेतकऱ्याला 'झाड लाव, कार्बनचे पैसे येतील' असं सांगू नका. एकदा खोटे पडलात की पुढची पाच वर्षं गेली.

युरोपच्या कायद्याचंही तसंच. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा कोको युरोपला चालणार नाही असा तो नियम. अंमलाची तारीख पुढे ढकलली गेली, तरी खरेदीदारांनी शेतांचे नकाशे गोळा करायला सुरुवात केली. गावात कुणी जीपीएस घेऊन शिरला की लोकांना वाटतं, जमीन घ्यायला आले. तुमची झाडांची नोंद आणि ही मोजणी यांची गल्लत होऊ देऊ नका. दोन वेगळे दिवस, आणि जमलं तर दोन वेगळी माणसं.

आता लगेच काय करता येईल? सहा हजार रोपांची नवी मागणी या वर्षी थांबवा. वीस शेतकरी निवडा, मालक आणि वाटेकरी जोडीने. त्यांच्या शेतात आपोआप उगवून आलेली रोपं शोधा. प्रत्येक शेतात सापडतात, ओफ्राम तर वाऱ्यावर बी उडवतो. ती तिथल्याच मातीत मूळ धरून आहेत, त्यांना ना पिशवी लागते ना ट्रक. शेतकऱ्यालाच विचारून त्यातली हेक्टरी वीस-पंचवीस राखायची ठरवा, पुढे विरळता येतील. एक मात्र जिल्हा कार्यालयाशी आधी बोलून ठेवा: अशी राखलेली झाडं कायद्याने 'आपोआप उगवलेली'च धरली जातात, म्हणून शेतकऱ्याला ती नोंदीत कशी घेता येतील हे तिथल्या अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. ते मिळेपर्यंत मालकीचं आश्वासन तोंडी देऊ नका. जिथे ते मिळत नाही, तिथे तेवढ्यापुरती लावायची रोपं द्या, मे महिन्यात.

आणि लाल कापडाच्या चिंध्या सोबत ठेवा. गवत काढायला बहुधा मजुरीची पोरं येतात, त्यांना ओडुम आणि तण यांत फरक नसतो. कटलास सरसकट फिरतो. राखायच्या प्रत्येक रोपाशेजारी एक काठी रोवून चिंधी बांधा, आणि ती शेतकऱ्याला स्वतःच्या हाताने बांधू द्या. पुढच्या निंदणीनंतर किती चिंध्यांखाली रोप उभं आहे ते मोजा. तो आकडा, शेतांवरचा अबुसा-अबुनूचा हिशेब आणि जवळच्या केंद्रावरचं गेल्या पाच वर्षांचं पाऊसमान इथे टाका, मग जातींची यादी नीट बसून करू.